अँटिबायोटिकनंतरची खाज दह्याने जाईल का?

प्रश्न: डॉक्टर, अँटिबायोटिकचा कोर्स झाला की दरवेळी खाली खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. रोज दही खाल्लं तर थांबेल का?

उत्तर: अगं, अँटिबायोटिकने योनीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतूपण मरतात, तेच लॅक्टिक अ‍ॅसिड बनवून तिथला पीएच (आंबटपणाचं माप) साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात, ते घटले की यीस्टला, म्हणजे ही खाज आणणाऱ्या बुरशीला, रान मोकळं. दही जरूर खा, पोटाला चांगलंच, पण त्यातले जंतू वेगळ्या जातीचे, त्यांच्यावर विसंबून राहू नकोस. दही आत लावणं, साबणाने आतून धुणं तर अजिबात नको!! यीस्टवर वेगळं औषध असतं. दरवेळी होतंय ना, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घे, शुगरपण बघ, आणि पुढच्या वेळी अँटिबायोटिक लिहून देणाऱ्यांना हे आधीच सांग.