चावी घेण्याआधी एक बादली पाणी

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नोकरीमुळे दहा वर्षं फोंड्यात भाड्याने राहतो. आता कुर्टीला टू बीएचके फ्लॅट घेतला आहे. आमचं हे पहिलंच घर. बिल्डर म्हणतो, अक्षय्य तृतीयेला चावी देतो, ऑक्युपन्सीचा, म्हणजे घर राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याचा कागद पंचायतीत आहे, आठ-पंधरा दिवसांत मिळेल. सासूबाई सत्तरी तालुक्यातल्या केरी गावी असतात, त्यांना तोच मुहूर्त हवा आहे. ह्यांचं म्हणणं, माणूस ओळखीचा आहे, सही करून टाकू. चावी घेताना नेमकं काय बघायचं? आणि यंदाची गणेश चवथ नव्या घरात करावी का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून तुला अगं-तुगं करते.

सासूबाईंचा मुहूर्त चुकवू नका. त्या दिवशी कलश ठेवा, दूध उतू जाऊ द्या, देवाला गाऱ्हाणं घाला. माणूस ओळखीचा आहे, तर पूजेसाठी अर्धा दिवस दार उघडून देईलच. ताबा-पावतीवर सही मात्र त्या दिवशी करायची नाही. ऑक्युपन्सी हातात आल्याशिवाय तर नाहीच. आपल्याकडे गोव्यात आधी नगरनियोजनवाल्यांचा बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मग आरोग्य खात्याचा ना-हरकत आणि शेवटी पंचायतीची ऑक्युपन्सी, असा क्रम असतो. मधला एखादा कागद अडला की 'आठ-पंधरा दिवसां'ची वर्षं होतात. तोवर वीज बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर आणि पाणी टँकरचं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात ऑक्युपन्सी मिळाल्यावर ताबा घ्यायला दोन महिने दिलेले आहेत, तेव्हा घाई कसली?

आता घराकडे वळू. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते, तरी १९९८ साली स्वतःच्या फ्लॅटची चावी मी मे महिन्यात, संध्याकाळी साडेसहाला, पेढे वाटत घेतली. रंग नवा, भिंती कोरड्या, सगळं छान दिसत होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून हाताएवढा ओला डाग उतरला. त्या भिंतीला कपाट टेकवलेलं होतं. चवथीला गावी जाताना ते उघडलं, तर आईने दिलेल्या इरकलीच्या घड्यांवर पांढरी बुरशी. बांधणारा म्हणाला, पावसात असं होतंच. तसं होत नसतं. नीट बांधलेल्या घरात होत नाही.

गोव्याचा पाऊस वरून पडतो त्याहून जास्त आडवा मारतो, आणि तोही नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल तर चिरा पाणी पितो आणि सावकाश आत सोडतो. म्हणून एप्रिलमध्ये बघताना पाऊस आपण न्यायचा. पाण्याची नळी घेऊन जा आणि पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धार मार. आतून कोणीतरी चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोट ठेवून बसायचं. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीत पाणी बाहेर जायची छोटी भोकं असतात, ती सिमेंटने बुजलेली नाहीत ना बघ. माझ्या खिडकीची बुजली होती. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, तेही पाहा. ती नसेल तर पाणी छज्जाखालून सरपटत भिंतीपर्यंत येतं.

मग न्हाणीघर. एक बादली पाणी ओत आणि ते आपणहून जाळीकडे जातं का बघ. कोपऱ्यात डबकं राहिलं तर उतार चुकला आहे. नंतर जाळी कापडाने घट्ट बंद करून, लादीवर दोन बोटं पाणी भरून चोवीस तास ठेव. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत पाहायचं. शेजाऱ्यांशी पहिली ओळख अशी झाली तर बिघडत नाही. वर्षभराने त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तुमचं पाणी ठिबकलं, तर त्याचा त्रास फार मोठा असतो. टाइलवर नाणं वाजवत फिर, पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मार. हे सगळं सकाळच्या उजेडात आणि सामान येण्याआधी करायचं. प्लगमध्ये दिवा लावून बघणं, शॉकपासून वाचवणाऱ्या स्विचचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडतो का बघणं, ही कामं ओळखीच्या वायरमनला अर्ध्या तासाची आहेत.

जे सापडेल ते ताबा-पावतीवरच हाताने लिही, 'पश्चिम बेडरूम, खिडकीचा डावा कोपरा, ओल' इतकं स्पष्ट, आणि त्याखाली बिल्डरची सही घे. 'सर्व काम समाधानकारक' असं छापलेलं असेल तर ते खोडून मगच तू सही कर. तोंडी कबुली पावसात वाहून जाते. रेराखाली ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण 'हे तुमच्या वापराने झालं' असं कोणी म्हणालं, तर दाखवायला तुझ्याकडे तारखेचा कागद आणि फोटो हवेत. ह्यांना सांग, ओळख लिहून घेतल्याने तुटत नाही.

ताबा घ्याल त्याच दिवशी कुलपाचा आतला गाळा बदला. लादीवाला, रंगारी, सुतार, सगळ्यांच्या हातून ती चावी फिरलेली असते. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोत घ्या, दोन्ही जोडण्या आणि घरपट्टी नावावर करायचे अर्ज लगेच द्या.

चवथीचं म्हणशील, तर मूळ घरचा गणपती केरीला आहे, तो तिथेच राहू दे. सासूबाई आहेत तोवर गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी त्यांच्या हातची. वेगळा गणपती आणायचा की नाही हे घरातली मोठी माणसं आणि देवाचा कौल ठरवतील, मी नाही. पण पुढेमागे लागेल म्हणून रंगकाम संपायच्या आत हॉलच्या स्लॅबला माटोळीसाठी चार मजबूत कड्या बसवून घे. माटोळी नारळ, सुपाऱ्या, केळ्यांच्या घडांनी भरली की चांगलीच जड होते, ती पंख्याच्या हुकाला टांगायची नसते. कड्या कुठे हव्यात, ते सासूबाईंना पूजेच्या दिवशी उभं करून विचार. देवाचं तोंड कुठे येईल, ते त्यांना बरोबर ठाऊक असेल.