असाइनमेंटची चर्चा तासिकेतच कर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मवर ‘असाइनमेंटवर शिक्षक चर्चा करतात का?’ या प्रश्नाला मुलांनी तुला कमी गुण दिले, म्हणून तू स्वतःला दोष देऊ नकोस. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी २० प्रश्न ठरवून दिले, ० ते ४ गुणांचे. कॉलेजचे फॉर्म बहुधा त्यावरच बेतलेले. शिकवणारा कायम आहे की तुझ्याप्रमाणे सीएचबीवर, म्हणजे तासिकेच्या हिशोबाने मानधनावर, हे त्यात कुणी विचारत नाही. मुलांना सगळे सर-मॅडम सारखेच, आणि ते योग्यच आहे.

पण तुझं बिल होतं ते फक्त तासिकांचं, तेही आठवड्याला ९. घरी पेपर तपासलेस, कॉरिडॉरमध्ये शंका सोडवल्यास, तर त्याची नोंद मस्टरवर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला. आपल्याकडे हातात त्याहून पुष्कळ कमी पडतं, तेही महिनोन्महिने रखडून. पात्रता मात्र कायम प्राध्यापकाचीच हवी, सेट-नेट या पात्रता परीक्षा नाहीतर पीएच.डी.! याची मला मनापासून चीड आहे.

तरी मुलांची मागणी खरी आहे. गणिताचं उत्तर पडताळून पाहता येतं. अभंगावर आपण लिहिलेलं कसं झालंय, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. कला शाखेतला विद्यार्थी नाराज होतो तो इथेच. नोट्स कितीही दिल्यास तरी.

म्हणून ही चर्चा तासिकेतच आण. पंधरा दिवसांतून एक तासिका त्यासाठीच ठेव आणि विभागप्रमुखांना सांगून टाचणात, म्हणजे तासिकांच्या नियोजनाच्या वहीत, तशी नोंद कर. प्रत्येक पेपर पूर्ण तपासायचा हट्ट नको. एकच वाक्य निवड. ‘तुकोबांनी समाजप्रबोधन केले’ असं गाइडातलं वाक्य दिसलं की खाली रेघ मार आणि समासात विचार, ‘कोणत्या ओळीवरून?’ वर्गात अभंग समोर ठेवून ते वाक्य लिहिणाऱ्यालाच ती ओळ शोधू दे. बाकीची मुलं आपापल्या कागदावर तेच करू लागतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. अभ्यासक्रम थोडा मागे पडेल, पडू दे.

फॉर्मवरच्या गुणांसाठी सोपे प्रश्न काढणं, ढिलाईने अंतर्गत गुण देणं मात्र करू नकोस. मुलांना ते लगेच समजतं.

आणि नेमणुकीचा आदेश, प्रत्येक महिन्याचं तासिकांचं बिल, दोन्हींच्या झेरॉक्स सही-शिक्क्यासह जपून ठेव. पुढे अनुभव दाखवताना तेच कागद मागतील. या महिन्याचं बिल अजून दिलं नसशील तर उद्याच दे.