देव मानत नाही, मग गणपती कसा बसवायचा?

प्रश्न: ताई, मी आणि नवरा दोघंही नास्तिक. मुलगी सहा वर्षांची, शेजारी गणपती आला की विचारते आपल्याकडे का नाही? सासूबाई म्हणतात पोरीचं बालपण कोरडं करताय. बसवला तर ढोंग नाही का होणार?

उत्तर: अगं, ढोंग कधी होईल, मनात नसताना हात जोडून पोरीला 'बाप्पा बघतोय हं' म्हणून घाबरवलंस तर. ते नको. पण उकडीला तेल-पाण्याचा हात लावून पारीला कळ्या पाडायला श्रद्धा लागत नाही, जरा पेशन्स लागतो बस! माझ्या लेकाचे पहिले मोदक सगळे फुटले, सारण पातेल्यात, आणि आजही त्याला आरती अर्धीच येते पण ते फुटके मोदक पक्के आठवतात.

शाडूची छोटी मूर्ती तिलाच करू दे, बादलीत विसर्जन कर, माती कुंडीत टाक. १८९३ पासून टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला जोर दिला तो लोक एकत्र यावेत म्हणूनच ना? आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाल्यांनी (अंनिस) सुद्धा सण बंद करा म्हटलं नाही, 'होळी लहान करा, पोळी दान करा' म्हटलं, मला हा मार्ग फार आवडतो.

तिने 'देव खरा आहे का' विचारलं तर सरळ सांग, आजीला वाटतं आहे, आम्हाला नाही वाटत, तू मोठी झालीस की ठरव. सासूबाईंना पूजा करायची असेल तर करू दे की, तू प्रसादाचं बघ.