वाचक विचारतात: इंजिन नवीन बांधलं, पण कार्बमधून फटाके का फुटतात?

प्रश्न: माझ्याकडे 1969 ची फोर्ड मस्टँग आहे, 302 व्ही8. इंजिन पूर्ण बांधून घेतलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, चेन सगळं नवीन. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र एका ओळखीच्याकडून मिळाला, डबा नाही कागद नाही, पण दिसायला नवाच होता म्हणून टाकला. आता गाडी कशीबशी चालू होते, कार्ब्युरेटरमधून धाडधाड बॅकफायर मारते आणि अर्ध्या इंजिनवर चालल्यासारखी थरथरते. चेनचे डॉट (टायमिंगच्या खुणा) जुळलेत, कॉम्प्रेशन आठही सिलेंडरला छान आहे, डिस्ट्रिब्युटर तीनदा काढून बसवला, वायरी 302 च्या फायरिंग ऑर्डरने (सिलेंडर पेटायच्या क्रमाने) लावल्यात. मेकॅनिक म्हणतो कार्ब बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू, कार्बचा यात काही दोष दिसत नाही. आणि आधी एक काम करा, स्टार्टर मारणं थांबवा. का ते पुढे सांगतो.

तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कॉम्प्रेशन सगळीकडे छान आहे आणि तरी इंजिन अर्धंच चालतंय. चेन चांगलीच सरकली असती तर आठही सिलेंडरचं कॉम्प्रेशन बिघडलं असतं, डिस्ट्रिब्युटर उलटा बसला असता तर आठही सिलेंडर बोंबलले असते. अर्धे चालतात अर्धे नाही, म्हणजे माझा संशय सरळ त्या बिनडब्याच्या कॅमवर जातो.

होतं काय की फोर्डच्या या छोट्या व्ही8 मध्ये दोन फायरिंग ऑर्डर आहेत. 289 आणि जुन्या 302 ची 1-5-4-2-6-3-7-8, तर 351 विंडसरची आणि 1982 पासूनच्या 5.0 एचओची (हाय आउटपुट, म्हणजे जास्त ताकदीचं 302) 1-3-7-2-6-5-4-8. क्रँकवर पिस्टनच्या जोड्या त्याच आहेत, म्हणून 351 चा किंवा एचओचा कॅम तुमच्या ब्लॉकमध्ये मुकाट्याने बसतो, डॉटही जुळतात, कॉम्प्रेशनही येतं. पण 3 आणि 5 ची आणि 4 आणि 7 ची पाळी आपसात बदललेली असते. तुम्ही जुन्या ऑर्डरने वायरी लावल्या की 1, 2, 6, 8 नीट पेटतात आणि बाकीच्या चौघांना ठिणगी बरोबर एक फेरा चुकून मिळते, म्हणजे एक्झॉस्ट संपून इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी, मग जाळ मॅनिफोल्डमधून वर कार्बकडे येणारच!

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, इंजिनलाच विचारा. प्लग काढा, दोन्ही व्हॉल्व्ह कव्हर काढा, पान्याने क्रँक हाताने फिरवून 1 नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा (दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात, सैल हवेत). आता चालायच्या दिशेने पाव फेरा पुढे. 5 नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि 3 चे दोन्ही किंचित दबलेले दिसले तर कॅम जुन्या ऑर्डरचा, दुखणं दुसरीकडे आहे. उलट दिसलं, 3 बंद आणि 5 दबलेले, तर निकाल लागला.

मग कॅम काढायची गरज नाही. कॅपवर 3 आणि 5 च्या वायरींची अदलाबदल करा, 4 आणि 7 ची करा, बस. इनटेकवर ओतलेले आकडे वेगळं सांगतील, त्यांच्याकडे बघायचं नाही, ऑर्डर कॅम ठरवतो. फक्त 5 आणि 6 च्या वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नका, नव्या ऑर्डरमध्ये ते शेजारी लागोपाठ पेटतात आणि एकीची ठिणगी दुसरीत उतरू शकते.

आता स्टार्टरचं. पुन्हा चालू करायच्या आधी कॅम फ्लॅट टॅपेटचा (सपाट बुडाच्या लिफ्टरचा; लिफ्टर म्हणजे कॅम आणि पुशरॉडमधला ठोकळा) आहे की रोलर (चाकाच्या लिफ्टरचा) ते नक्की करा, कारण 1985 पासूनच्या बऱ्याच एचओमध्ये रोलर कॅम आहे आणि रोलर कॅमवर साधे लिफ्टर फिरवले तर दोन्ही खराब होतात, शिवाय स्टीलच्या रोलर कॅमला डिस्ट्रिब्युटरचा गिअरही त्याला चालणारा लागतो, जुना कास्ट आयर्नचा गिअर तो कॅम खाऊन टाकतो. फ्लॅट असेल तर लिफ्टर नवीनच हवेत, आणि ब्रेक-इनला (पहिल्यांदा चालवून भाग बसवताना) झिंकवालं (जस्ताचं) तेल घालून चालू होताच 2000 आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं ठेवायचं, आयडलवर नाही. तुमचा कॅम आतापर्यंत नुसताच रखडलाय, असेंब्ली ल्यूब पुसली गेली असेल, मला खरी काळजी त्याचीच आहे.

म्हणून कव्हर उघडलीच आहेत तर पुशरॉडवर डायल गेज लावून सोळाही लोबची (कॅमवरच्या उंचवट्यांची) लिफ्ट मोजा. सगळे इनटेक एकमेकांशी, सगळे एक्झॉस्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा लोब कमी भरला तर तो घासला गेलाय, मग मात्र कॅम आणि लिफ्टर दोन्ही नवीन घ्या आणि तेल-फिल्टर बदला, लोखंडाची पूड नव्या बेअरिंगात गेलेली चालणार नाही. वायरी बदलल्यावर टायमिंग लाइटने आगाऊ वेळ एकदा तपासा आणि मग काय झालं ते आम्हाला कळवा.