वाचकांचे प्रश्न : आयव्हीचं अक्षर

प्रश्न : लाकडी पाटीवर आयव्हीची वेल आणि तिचं ओगम (जुनी आयरिश रेघांची लिपी) अक्षर कोरायचं आहे. केल्टिक परंपरेत आयव्ही म्हणजे निष्ठा, हे खरं का?

उत्तर : आधी अक्षर, कारण चूक तिथेच होते. अक्षराचं नाव 'गोर्त', उच्चार 'ग'. एक उभी रेषा काढा आणि ती ओलांडून जाणाऱ्या दोन समांतर, तिरप्या रेघा द्या. त्या आडव्या, काटकोनात पडल्या तर 'ग'चा 'ओ' होतो. तिरपी रेघ एकच राहिली तर 'म'. दगडावरच्या लेखांत उभ्या रेषेचं काम दगडाची कड करते आणि मजकूर खालून वर वाचतात. पाटीवर पूर्ण शब्द कोरणार असाल तर तोच क्रम ठेवा.

आता अर्थ. जुन्या आयरिश भाषेत 'गोर्त' म्हणजे शेत. लॅटिन 'हॉर्तुस' (बाग) हा त्याचा नातलग. या अक्षराची जुनी, कोड्यासारखी वर्णनं 'गोड गवत' आणि 'गाईंना योग्य जागा' अशी आहेत. वेलीचा त्यांत मागमूस नाही. आयव्ही येते ती मध्ययुगीन विद्वानांच्या टीपांमधून. बॅलीमोटच्या ग्रंथासारख्या (सुमारे १३९०) हस्तलिखितांत प्रत्येक अक्षरापुढे एकेक झाड लावलेलं दिसतं. सुमारे चारशे ओगम शिलालेखांवर मात्र बहुतेक माणसांची नावंच आहेत.

निष्ठेचा अर्थ व्हिक्टोरियन काळातल्या फुलांच्या भाषेनं (फुला-पानांना ठरावीक अर्थ देण्याच्या रीतीनं) लोकप्रिय केला. जुन्या आयरिश कथेत वेडा होऊन रानोमाळ भटकणारा राजा सुवनी एकेका झाडाला हाक मारतो, त्यात आयव्हीही आहे. पण ती तिथे फक्त अंधाऱ्या रानातली ओळखीची वेल आहे. आम्हाला हे चित्र निष्ठेपेक्षा जास्त जिवंत वाटतं.

वेल कोरताना दोन गोष्टी. आयव्ही दोरीसारखी खोडाभोवती विळखे घालत नाही. बारीक मुळांनी सालीला चिकटून वर चढते. शिवाय तिची पानं दोन तऱ्हांची : चढत्या फांदीवर तीन ते पाच टोकांची, फुलणाऱ्या फांदीवर साधी, अंडाकृती. म्हणून काळ्या फळांच्या घोसाशेजारी टोकदार पानं कोरू नका, जाणकाराच्या लगेच लक्षात येतं.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचं केल्टिक झाड आयव्ही असतं का?

उत्तर : ३० सप्टेंबर ते २७ ऑक्टोबर हा आयव्हीचा महिना इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९४८ साली, झाडांच्या नावांच्या तेरा महिन्यांच्या पंचांगात मांडला. मध्ययुगीन याद्यांत अक्षरं आहेत, झाडं आहेत, पण हे तेरा महिन्यांचं पंचांग नाही. एवढं खरं, की आयव्ही फुलते ती शरदातच.

प्रश्न : केल्सच्या ग्रंथातल्या वेली आयव्हीच्या आहेत का?

उत्तर : नाही. सुमारे इ.स. ८०० च्या या सचित्र ख्रिस्ती हस्तलिखितातली वेल ख्रिस्ती परंपरेतली, म्हणजे द्राक्षाची. आणि केल्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाठींचं म्हणाल, तर त्यांत मुळात वेलच नाही. ते नुसतं पट्ट्यांचं विणकाम आहे.