ताराबाई मोडक : आमदारकी आणि अंगणातली शाळा

प्रश्न : ताराबाई मोडक प्राचार्य होत्या आणि पुढे आमदारही झाल्या, असे वाचनात आले. शिक्षिकेने सार्वजनिक कामात उतरायचे तर वर्ग सोडावाच लागतो का? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ताराबाईंनी वर्ग सोडला नाही, तो कोणासाठी आणि कोठे भरवायचा, हे मात्र त्या बदलत गेल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या आणि १९१४ साली बी. ए. झालेल्या ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. त्या काळी एका भारतीय स्त्रीसाठी हे पद केवढे मोठे होते, हे वेगळे सांगायला नको. तरीही ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

खरा बदल झाला तो १९४५ साली बोर्डीला. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) या गावी माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जात, तर शिक्षकच कुरणात जाऊ लागले आणि कुरणशाळा उभी राहिली. ‘अंगणवाडी’ हे नाव १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पोहोचले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या, १९७३ सालीच त्यांचे निधन झाले होते.

१९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. ही आमदारकी म्हणजे त्यांच्या प्रवासाचे शिखर, असे लिहिले जाते ते मला पटत नाही, कारण बोर्डीचे काम त्याआधीच सुरू झाले होते आणि आमदारकी संपल्यावरही ते वाढतच राहिले. शाळेचे नेतृत्व त्यांनी कसे केले, याची साक्ष अनुताई वाघ यांच्या कामात मिळते : १९४५ साली सहकारी म्हणून आलेल्या अनुताईंनी ताराबाईंच्या पश्चात कोसबाडचे काम पुढे चालवले.

आपल्यापुरते सांगायचे, तर आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर सेवेत असताना आमदारकीची निवडणूक लढवता येत नाही. त्यासाठी आधी नोकरी सोडावी लागते.