एकच डॅशबोर्ड, पण तडीस नेलेला

प्रश्न : डेटा विश्लेषणाचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून एसक्यूएल (साठवलेल्या डेटातून हवी ती माहिती काढण्याची भाषा) आणि पॉवर बीआय (डेटाचे आलेख मांडण्याचे सॉफ्टवेअर) ही साधने मला बऱ्यापैकी येतात. अर्जासोबत मी तीन डॅशबोर्ड, म्हणजे आकडेवारी आलेखांतून एकत्र दाखवणारी पाने, जोडतो, तरीही मुलाखतीचे बोलावणे येत नाही. आणखी काही डॅशबोर्ड तयार करावेत का?

उत्तर : नवे डॅशबोर्ड करण्यापेक्षा आहेत त्यांपैकी एक निवडा आणि तो तडीस न्या. नवख्या उमेदवारांच्या कामात साधनावरची पकड सहसा दिसते. आकड्यांकडे शंकेने पाहण्याची सवय मात्र क्वचितच दिसते, आणि माझ्या मते निवड ठरते ती तिथेच.

उदाहरणादाखल यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या संग्रहात मोफत मिळणारा ‘ऑनलाइन रिटेल’ हा डेटासंच घ्या. एका ब्रिटिश ऑनलाइन विक्रेत्याच्या व्यवहारांच्या त्यात ५,४१,९०९ ओळी आहेत. महिनावार आलेख काढला, की डिसेंबर २०११ मध्ये विक्री कोसळल्यासारखी दिसते आणि ‘वर्षअखेरीस मोठी घट’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्या महिन्याच्या नोंदी ९ तारखेलाच संपतात. रद्द झालेल्या व्यवहारांच्या बीजक क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर असते. या ओळी सरसकट वगळल्या, तर त्याच ९ तारखेला नोंदवून त्याच दिवशी रद्द झालेली कागदी पक्ष्यांच्या ८०,९९५ नगांची मागणी खरी विक्री म्हणून मोजली जाते. शिवाय सुमारे एक चतुर्थांश ओळींत ग्राहक क्रमांकच नाही, त्यामुळे ‘पुन्हा खरेदी करणारे ग्राहक’ हा आकडा कोणत्या ओळींवरून काढला, हे सांगणे भाग आहे.

अशा प्रत्येक ठिकाणी तुम्ही काय ठरवले, का ठरवले आणि त्यामुळे एकूण बेरीज कितीने बदलली, याचे पानभर टिपण डॅशबोर्डसोबत द्या. मुलाखतीत बोलण्यासारखे खरे काम हेच असते.

डॅशबोर्ड कोणासाठी आहे, हेही आधी ठरवा. ‘विक्रीचे विश्लेषण’ हा विषय झाला. ‘नोव्हेंबरच्या गर्दीआधी कोणत्या वस्तूंचा साठा वाढवावा’ हा साठा सांभाळणाऱ्या माणसाचा प्रश्न झाला. असा प्रश्न समोर असला, की दहा-बारा आलेखांपैकी तीन-चारच उरतात. वस्तूंची तुलना करताना वर्तुळालेखाऐवजी स्तंभालेख वापरा, कारण कोनांपेक्षा एकाच पायरेषेवरचे अंतर डोळ्याला अधिक अचूक मोजता येते, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोगांनी दाखवले आहे. रंगसंगतीवर फार वेळ घालवू नका.

अर्ज पाठवण्यापूर्वी डॅशबोर्डचा दुवा दुसऱ्याच्या यंत्रावर, लॉगिन न करता, उघडून पाहा. तो तसा उघडत नसेल, तर स्क्रीनचे छोटे ध्वनिचित्रण करून टिपणासोबत जोडा.